घोडी दौडीवर येते तेव्हा

कँटरमध्ये घोड्याच्या टापांचे तीन ठोके ऐकू येतात, मग क्षणभर काहीच नाही. डाव्या अंगाने दौडताना आधी उजवा मागचा पाय पडतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम, शेवटी डावा पुढचा. त्यानंतर चारही खूर हवेत असतात. बिथरलेल्या घोड्याचे ठोके एकमेकांवर चढतात आणि मधली मोकळी जागा ऐकूच येत नाही. घोडा शांत दौडतो आहे की नुसता पळून जातो आहे, हे आधी कानाला कळतं.

हे मला कळायला लागलं ते एका कुमैत घोडीमुळे. नारायण पेठेतून पहाटे निघून, भिडे पुलावरून नदी ओलांडून मी शहराबाहेरच्या एका रायडिंग स्कूलवर जाते. ही घोडी तिथे आली ती शर्यतीतून निवृत्त होऊन. थरोब्रेड, लांब पायांची, देखणी. चाल उत्तम, दुडकी चांगली. पण कँटर सांगितला की मान वर, पाठ खोलगट, कडियाळं दातांत धरून सुसाट. तिला शिकवणारे गृहस्थ घोडदळातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना रिसालदारसाहेब म्हणतात.

मला वाटलं होतं, ते पहिल्या दिवशी तिच्यावर मांड टाकतील. त्यांनी आधी डॉक्टरांना बोलावलं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार होत जाते आणि लगाम ओढला की गाल आतून कापला जातो. तिच्या दाढांना कानस लागली. मग खोगीर तपासलं. ते खांद्याच्या हाडावर दाबत होतं, म्हणून बदललं. "दुखत असलं तर ती पळणारच, ताई. तिला सांगायची दुसरी रीत कुठे आहे?" एवढंच ते बोलले. अवघड म्हणवल्या जाणाऱ्या किती घोड्यांचं अवघडपण या दोन तपासण्यांतच संपत असेल, असा विचार मी अजूनही करते.

या घोडीचं मात्र तेवढ्यावर संपणारं नव्हतं. शर्यतीचा घोडा कोवळ्या वयात धावायला शिकतो. जॉकी रिकिबीत उभा राहून पुढे झुकतो, लगाम ताणलेला असतो आणि घोडा त्या ताणावर रेलून वेग घेतो. म्हणजे आपण ज्याला 'थांब' समजतो, तो तिच्या अंगात 'पळ' म्हणून मुरलेला. घाबरलेला स्वार दोन्ही हातांनी लगाम खेचतो, ती आणखी सुटते, तो आणखी खेचतो. चूक दोघांपैकी एकाचीही नसते आणि दोघंही घामाघूम होतात.

म्हणून रिसालदारसाहेबांनी कँटर कित्येक आठवडे बाजूलाच ठेवला. आधी लांब दोरीवर, स्वाराविना, गोल फिरवणं. मग पाठीवर बसून नुसती चाल. चालता चालता ते खोल बसत, श्वास सोडत, बोटं किंचित मिटत. ती थबकली की त्याच क्षणी बोटं उघडत. सगळं शिक्षण त्या उघडण्यात होतं. दाब संपला त्या क्षणी आपण जे करत होतो ते बरोबर होतं, एवढंच घोडा लक्षात ठेवतो. बोटं क्षणभर उशिरा उघडली तर तो भलतंच काही शिकतो. मी कुंपणाशी उभी राहून त्या बोटांकडेच पाहत असे. चालीतून थांबणं, थांबून चाल, चालीतून दुडकी, दुडकीतून पुन्हा चाल. पाहायला आलेले लोक कंटाळून निघून जात.

पहिला कँटर आला तो वीस मीटरच्या वर्तुळावर आणि जेमतेम काही पावलांचा. मान उचलली जाण्याआधीच त्यांनी तिला दुडकीवर आणलं, लगाम लांब सोडला, मानेवर हात फिरवला. गोलात धावणाऱ्या घोड्याला अंग वाकवावं लागतं, मागचा आतला पाय पोटाखाली घ्यावा लागतो. सरळ रेषेत मिळतो तसा पळायला वाव तिथे नसतो. शिवाय कँटरमध्ये घोड्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. लय सावकाश झाली की श्वासही सावकाश होतो. एके सकाळी ती दौडता दौडता दर झेपेला नाकातून सैल फुरफुरायला लागली. रिसालदारसाहेबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

वर्तुळाची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला गेले, हद्दूखाँसाहेबांकडे गाणं शिकले आणि घोडे फिरवण्यातही तयार झाले. इटालियन चियारिनीची सर्कस पाहिल्यावर त्यांनी 1880च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली आणि पुढे हद्दूखाँचे पुत्र, गवई रहिमतखाँ यांनाही सांभाळलं. सर्कशीचं रिंगण साधारण 42 फूट व्यासाचं असतं. ते माप अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराच्या खेळांतून रूढ झालं: त्या गोलात घोडा एकसारख्या लयीत दौडला की पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा तोल टिकतो. घोड्याने एक झेप जरी घाईने घेतली तरी वरचा माणूस खाली. छत्र्यांच्या घोड्यांना टाळ्या मिळाल्या त्या वेगाला नव्हे, लयीला, असं मला खात्रीने वाटतं.

हे सगळं पाहून घरी आले की पेठेतल्या वरातींकडे मला पूर्वीसारखं पाहवत नाही. लक्ष्मी रस्त्यावर ताशे कडाडतात, घोडी जागच्या जागी पाय आपटते, लोक म्हणतात, "नाचतेय बघा!" ती नाचत नसते. डोळ्याचं पांढरं दिसत असतं, शेपूट फटकारत असतं, तोंडाला फेस असतो. तिला पुढे पळायचं आहे आणि लगाम पळू देत नाही. काटेरी कडियाळ्याला 1965च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातली आहे. तरी घोडी ठरवताना तिच्या तोंडात काय आहे हे वाकून पाहणारा वरपिता मला अजून भेटलेला नाही. ढोलाच्या आवाजाची सवय लावता येते. लांबून, थोडी थोडी, घोडी चारा खात असताना. त्याला महिने लागतात आणि त्या महिन्यांचे पैसे घोडेवाल्याला कोणी देत नाही. ते द्यायला हवेत. आपल्या आनंदासाठी आपण तिला तिथे उभी करतो.

कुमैत घोडी आता डाव्या अंगाने अख्खं वर्तुळ सैल लगामावर दौडते. ज्या दिवशी हे प्रथम जमलं, त्या दिवशी मला वाटलं, आता साहेब आणखी एक फेरी घेतील. ते लगेच उतरले, तंग ढिला केला आणि सइसाला म्हणाले, "फिरवून आण, मग पाणी दे." उजव्या अंगाने ती अजून मान उचलते. त्या बाजूचं काम पुन्हा साध्या चालीपासून सुरू झालं आहे.