ताप उतरला, बोटं आखडली

पाऊस ओसरला की दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू होते. चिकुनगुन्याचे दिवसही साधारण तेच. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा एडिस डास चावतो दिवसाढवळ्या, म्हणजे माणसं कामावर असतात तेव्हाच. ताप आठवड्याभरात जातो, मनगटं आणि बोटांचे पेरे मात्र ठणकत राहतात. ज्या बाईला पुढे घडातले मणी विरळायला दिवसभर कात्री चालवायची आहे, तिला मूठ वळत नाही. घरचे म्हणतात, ‘वात जडला.’

जडला का खरंच?

चिकुनगुन्या महाराष्ट्राला जुना आहे. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली, मग तीसेक वर्षं तो जवळपास विस्मरणात गेला. २००६ मध्ये परतला तेव्हा देशभरात संशयित रुग्णच १३ लाखांवर गेले. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. त्यात आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हजार प्रौढांमागे पाचेक जणांना आढळला. दुखणाऱ्यांच्या गर्दीत आमवाताचे रुग्ण थोडेच. साथीनंतर चोप्रांच्या चमूने चिकुनगुन्याचे रुग्णही तपासले. काहींचे सांधे अगदी आमवातासारखे सुजतात, पण अशा बहुतेकांच्या रक्तात आमवाताची खूण असलेली अँटी-सीसीपी प्रतिपिंडं सापडत नाहीत आणि पुष्कळांचं दुखणं काही महिन्यांत निवळतं. पार्व्हो विषाणूही असंच सोंग आणतो. एपस्टाइन-बार विषाणूवर तर १९७०च्या दशकापासून खरा आमवात जडवल्याचा संशय आहे, गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

खऱ्या आमवाताची तयारी सांधा सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी चाललेली असते. वंशातून आलेली काही जनुकं, बिडी-सिगारेटचा धूर, सुजलेल्या हिरड्या यांचा त्यात वाटा असतो. हिरड्यांमधला एक जीवाणू शरीरातल्या प्रथिनांची रचना बदलतो. प्रतिकारशक्तीला ती परकी वाटू लागतात आणि ती त्यांच्यावर उठते. (आपल्याकडे दुखणेकऱ्याला पथ्य विचारतात, दातांना मिश्री लावता का हे फारसं कुणी विचारत नाही.)

आतड्याचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नुकताच आमवात झालेल्या, औषध सुरू न केलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्क्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जीवाणू मिळाला. निरोगी लोकांत २१ टक्के. झालं, आरोपी सापडला! पण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला मुळातच भरपूर असतो. भाकरी, डाळ, भाजीपाला खाणाऱ्यांची ती नेहमीची वस्ती. याच कुळातली दुसरी एक जात उंदरांमध्ये सांध्यांची सूज कमी करते. तेव्हा नुसत्या आडनावावरून कुणाला दोषी धरता येत नाही.

माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताचं मूळ मंदावलेल्या अग्नीत सांगितलं आहे. आतडं आणि सांधा यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे, हे खरं. पण तेवढ्या बळावर ‘आतडं साफ करून वात घालवणारं’ चूर्ण विकणं मला सरळ फसवणूक वाटते. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं ते त्यामुळे.

सकाळी तासाभराहून जास्त वेळ हात आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांचे तेच पेरे सुजत असतील आणि सहा आठवडे उलटून गेले असतील, तर अँटी-सीसीपी तपासून घ्यावं. आमवात निघाला तर बहुधा मेथोट्रेक्सेट सुरू होतं. ती गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते.