निराधार मुलांच्या संस्था व अनुदानाची पद्धती

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावच्या निकटचे गाव होय. पुलगावचे स्थानक मुंबई–हावडा लोहमार्गावर असल्यामुळे घर सोडून निघालेले एखादे मूल तेथे उतरणे असंभवनीय नाही. अशा मुलाच्या निवाऱ्याचा खर्च कोणी व कोणत्या रीतीने सोसावा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु मुलाचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार ज्याला घर अथवा राहण्याचे निश्चित ठिकाण नाही आणि उपजीविकेचे उघड साधनही नाही, असे मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीने निवासाचा आदेश दिला म्हणजे मूल बालगृहात जाते. हे बालगृह शासकीय असू शकते किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचेही असू शकते. म्हणजे कर्तव्य राज्यसंस्थेचे, पण त्याचे पालन अनेकदा खाजगी संस्थेच्या हातून, अशी ही व्यवस्था आहे. ती नवी नाही. मुंबई इलाख्यात १९२४ चा बालक अधिनियम झाल्यानंतर १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, ती याच सहकार्याच्या तत्त्वावर. वर्धा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात असल्यामुळे तो या अधिनियमाच्या कक्षेबाहेर होता.

या सहकार्यातील दुवा म्हणजे अनुदान होय. २००९-१० पासून केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना होती. पुढे तिची जागा ‘मिशन वात्सल्य’ने घेतली. या योजनेत केंद्र व महाराष्ट्र यांच्या वाट्याचे प्रमाण ६० व ४० असे आहे. निवासी मुलाच्या निर्वाहासाठी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी दरमहा ३,००० रुपये हा दर ठरविला. अनुदान मिळविण्यासाठी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि आधीच्या रकमेचे विनियोग प्रमाणपत्र आवश्यक असते. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी हे निर्बंध योग्यच आहेत. तथापि त्यांचा परिणाम सर्व संस्थांवर सारखा होत नाही.

पन्नास मुलांच्या बालगृहाचे उदाहरण घेऊ. वरील दराने निर्वाहाचे अनुदान महिन्यास १,५०,००० रुपये होते. ते सहा महिने थकले तर ९,००,००० रुपयांची तरतूद संस्थेला अन्यत्र करावी लागते, कारण मुलांचे जेवण मंजुरीची वाट पाहत थांबत नाही. गंगाजळी असलेली मोठी संस्था हा काळ निभावून नेते. लहान गावातील संस्था किराणा दुकानदाराच्या उधारीवर जगते. अशा रीतीने विलंबाने दिलेले अनुदान, कोणाचाही तसा हेतू नसताना, सेवेच्या गुणवत्तेऐवजी संस्थेच्या सांपत्तिक बळाची निवड करते. दुसरा दोष दरडोई पद्धतीचा आहे. मूल आपल्या घरी परतले की अनुदान घटते. वस्तुतः कुटुंबात पुनर्वसन हेच यश होय. पण हिशेबात ते तोट्याच्या बाजूस मांडले जाते.

याला पर्याय लोकाश्रयाचा. त्याचे ठळक उदाहरण वर्धा जिल्ह्यातच जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांचे आहे. गावोगावी भाषणे करून मिळालेल्या देणग्यांवर त्यांनी अनाथ मुलांचे संगोपन केले. या मार्गात स्वातंत्र्य आहे, परंतु निधीचा ओघ एका व्यक्तीच्या वाणीवर व प्रतिष्ठेवर अवलंबून राहतो. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने अनाथांच्या निवासगृहांना सामाजिक दायित्वाच्या निधीस पात्र ठरविले. तेथेही निवड देणाऱ्याच्या इच्छेवर असते. शिवाय दात्याचे मन लहान बालकाकडे जितके सहज ओढले जाते, तितके एकोणीस वर्षांच्या तरुणाकडे जात नाही.

आणि खरी कसोटी याच वयात असते. अठरावे वर्ष पूर्ण होताच बालगृहातील वास्तव्याचा कायदेशीर आधार संपतो. अनुरक्षणाची तरतूद एकवीस वर्षांपर्यंत, व अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत आहे. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली तरी इतकी वर्षे सार्वजनिक खर्चाने सांभाळलेला तरुण पुन्हा स्थानकाच्या फलाटावर येऊन उभा राहण्याचा संभव असतो.

म्हणून अनुदानाच्या विचारात तीन गोष्टी अगत्याच्या ठरतात: वर्षारंभी मिळणारी स्थिर आगाऊ रक्कम, मूल कुटुंबात परतल्यानंतरच्या पाठपुराव्यासाठी स्वतंत्र मोबदला, आणि अठराव्या वर्षानंतरच्या काळासाठी राखीव तरतूद. मूल नातेवाइकांकडेच राहावे म्हणून साहाय्य देणारी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना याच दिशेचे पाऊल आहे. अनुदानाने संस्थेत खाट मिळते. घर मिळाले की नाही, हे मात्र संस्था सोडल्यानंतरच कळते, आणि अनुदानाचा हिशेब तेथपर्यंत पोहोचला पाहिजे.