गाडीला जोर की जिवाला घोर?

मे महिना संपत आला होता. कुरडया-पापड वाळून डबे भरून झाले होते, आणि आमच्या भिशीचा नंबर यंदा धाकट्या जाऊबाईंना लागला होता. वीस हजार रुपये! पैसे हातात पडतात न पडतात तोच आमचे भावजी एक कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे. "वहिनी, तुम्ही तरी हिला समजवा. गाडीला जरा जोर आणायचाय."

कागदावर हिशेब होता. मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर साडेनऊ हजार, 'जास्त हवा घेणारा' फिल्टर तीन हजार आठशे, जादा दिवे साडेचार हजार, रंगीत पट्टे सतराशे. एकूण साडेएकोणीस हजार. आणि शेवटची ओळ : 'साडीगार्ड काढणे – फुकट.'

हसू नका, भगिनींनो. भावजी काही हौशी पोरगा नव्हेत. ते शिक्षक आहेत. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतल्या एका पाड्यावर त्यांची शाळा. आठवडाभर शिरपूरला राहतात, रोज पाड्यावर जाऊन येतात, शनिवारी धुळ्याला घरी. त्यासाठीच त्यांनी दोनशे सीसीची, उंच मडगार्डची, तारांच्या चाकांची गाडी जुन्यात घेतली. डांबरावरही चालते आणि रानातही. मागच्या पोळ्याच्या सुमारास चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरलं, गाडी आडवी झाली आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला. तीन आठवडे मलमपट्टी. तेव्हापासून पाऊस म्हटला की जाऊबाईंच्या पोटात गोळा येतो. त्या म्हणाल्या, "ताई, जोर वाढवला तर हे आणखी जोरात जातील हो!"

माझ्या माहेरी जळगावला लग्न होतंच. भावजी गाडीवर, आम्ही दोघी एसटीनं, असे पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला पोचलो. लग्न उरकल्यावर त्यांना माझ्या भावाच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेलं. काकांनी कागद वाचला, घडी करून परत दिला आणि एवढंच विचारलं, "गाडी अडते कुठं?"

भावजींनी सांगितलं, "चढावर ओढत नाही, चिखलात घसरते आणि उतारावर लवकर थांबत नाही."

"मग यातलं सायलेन्सरनं काय बरं होणार?" काका म्हणाले. पुढे जे ऐकलं ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी हरवलेला जोर परत मिळवा

आपल्याकडे अशा गाड्या तशा नव्याच. एकेकाळी गावोगाव दुधाचे कॅन वाहणारी राजदूत हीच रानातली गाडी होती. रस्ता आणि रान दोन्हींसाठी म्हणून मुद्दाम बनवलेली हिरो कंपनीची इम्पल्स २०११ साली आली, आणि २०१९ साली दोनशे सीसीची एक्सपल्स. तिच्या २०२१ च्या सुधारित गाडीचं इंजिन साधारण १९ अश्वशक्तीचं. म्हणजे ताकद बेताचीच. म्हणूनच त्यातली थोडी जरी वाया गेली तरी चढावर लगेच जाणवते.

वाया कुठे जाते? काकांनी फिल्टर उघडून दाखवला. आत काळ्या मातीचा थर! पेट्रोल जळायला हवा लागते. गॅसच्या शेगडीची हवेची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते, भांड्याचं बूड काळं होतं आणि गॅस जास्त जातो. इथेही तेच. आपल्या खान्देशात धुरळा इतका, की पुस्तकातल्या मुदतीची वाट न पाहता फिल्टर आधीच तपासावा. कागदाचा असेल तर धुऊ नये, बदलावा. स्पंजाचा असेल तर कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धुऊन, तेल लावून बसवावा.

मग चेन. कोरडी, गंजकी किंवा फार ताणलेली चेन इंजिनाचा जोर वाटेतच खाते. पाचेकशे किलोमीटरला पुसून तेल द्यावं, चिखलातून आल्यावर तर त्याच दिवशी. आणि पेट्रोलनं धुऊ नये. बऱ्याच चेनमध्ये रबराच्या बारीक चकत्या असतात, त्या खराब होतात.

तिसरं इंजिन ऑइल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि अशी बरीच इंजिनं वाऱ्यानंच थंड होतात. चढावर तासभर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चालताना तो वाराही मिळत नाही. तेव्हा कंपनीनं सांगितलेल्याच जातीचं ताजं ऑइल हवं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नये हे आपण जाणतो, मग इंजिनालाच जुनं तेल का?

एका दाताची गोष्ट

चढावर ओढ वाढवायची ती इंजिन न उघडता. कशी? आपल्या पायाच्या शिवणयंत्राकडे बघा. खालचं मोठं चाक एकदा फिरतं तेव्हा वरचं लहान चाक भराभर फिरतं. वेग मिळतो, पण सुईत जोर कमी. जाड गोधडी आली की यंत्र अडतं. मोटरसायकलमध्ये उलट असतं. पुढे इंजिनाजवळ लहान दातेरी चाक, मागे मोठं. पुढचं जितकं लहान तितका वेग कमी आणि ओढ जास्त. गॅरेजवाले या चाकांना स्प्रॉकेट म्हणतात.

समजा पुढे १३ दात आहेत आणि मागे ४०. पुढचं १२ दातांचं बसवलं की मागच्या चाकाची ओढ साधारण आठ टक्के वाढते. खर्च काही शे रुपये.

फुकट मात्र काहीच नाही. हमरस्त्यावर इंजिन त्याच वेगाला आठ टक्के जास्त फिरतं. आवाज वाढतो, अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं, लहान चाकावर चेन लवकर झिजते. ज्यांची रोजची धाव सुरत-नागपूर हमरस्त्यावर धुळे ते जळगाव अशी आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना रोज घाट चढायचा आहे त्यांनीच विचार करावा. आणि कायद्याच्या काटेकोर नजरेत हाही बदलच, म्हणून काकांनी भावजींना आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून यायला लावलं. काढलेलं १३ दातांचं चाक तेल लावून, फडक्यात गुंडाळून घरी ठेवलं आहे.

चाकातली हवा

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मेणासारखी चिकटते. साध्या गाडीचं चाक मडगार्डखाली ठप्प होतं ते यामुळेच. या गाडीचं पुढचं मडगार्ड उंच असतं ते शोभेसाठी नव्हे, चिखल सुटून जावा म्हणून. ते खाली घेण्याची फॅशन करू नये.

भावजींचा मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला होता. मागच्या वर्षी ते पडले, त्याचं खरं कारण हेच. काकांनी रस्ता आणि रान दोन्हीला चालणारा टायर सुचवला. मोठाल्या ठोकळ्यांचा टायर चिखलात छान चावतो, पण ओल्या डांबरावर घसरतो आणि लवकर झिजतो. ज्याला अर्धी वाट डांबराची आहे त्याला तो नको.

हवा किती ते गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. चिखल-दगडांच्या वाटेला ती थोडी कमी केली की टायर पसरून चांगला धरतो. पण फार कमी केली तर ट्यूब दगडावर चिमटते, आणि डांबरावर परतताच हवा पुन्हा भरावीच लागते. म्हणून हवा मोजायचं गेज आणि पायपंप डिकीत हवेच.

ब्रेकचे पॅड तर कागदासारखे झाले होते. जो माणूस लवकर थांबू शकतो तोच निर्धास्त चालवू शकतो, हे काकांचं म्हणणं जाऊबाईंना फार पटलं.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

सायलेन्सरबद्दल काका म्हणाले, "कानाला वाटतं गाडी पळते, घड्याळाला वाटत नाही." एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत हवा-पेट्रोलाचं प्रमाण छोटा संगणक ठरवतो. नुसता सायलेन्सर बदलून इंजिनाच्या जोरात फारसा फरक पडत नाही. मोठ्या भोकांच्या फिल्टरचं तर विचारूच नका. गव्हाच्या चाळणीनं मैदा चाळण्यातला प्रकार! बारीक धूळ आत गेली की इंजिन आतून घासलं जातं, आणि मग कामाचा आकडा पाच अंकी होतो.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या गुन्ह्याला दंड दहा हजारांपर्यंत. अपघात झाला तर विमा कंपनीही या बदलांवर बोट ठेवू शकते. मालक म्हणून कागदावर कुणाचं नाव आहे ते घरात एकदा बघून घ्या. पुष्कळदा पोरगा गाडी फिरवतो आणि नाव आईचं असतं!

आणखी एक. हिरो कंपनीनं २०२० साली याच दोनशे सीसीच्या गाडीसाठी शर्यतीचं साहित्य काढलं. किंमत ३८ हजारांच्या घरात. त्यात काय होतं? लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर, रानातले टायर, सपाट सीट, उंच हँडल. इंजिनाला हात नाही! शर्यतवाल्यांनासुद्धा आधी चाक, धक्के आणि बसणंच सुधारावं लागतं. मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची स्प्रिंग ओझ्याप्रमाणे कमी-जास्त घट्ट करता येत असेल तर ती सोय आपल्या गाडीतही आहे, आणि ती खरोखर फुकट आहे.

आणि ते साडीगार्ड

कागदावरची ती शेवटची ओळ. वजन कमी करायचं म्हणून बहुतेक पोरं पहिल्यांदा साडीगार्ड आणि मागचा धरायचा दांडा काढतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायची सोय, पाय ठेवायची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्या मागच्या चाकाला आड ही असलीच पाहिजे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं ते लिहवत नाही. काकांनी ते वाचून चष्म्यावरून भावजींकडे पाहिलं आणि जाऊबाईंकडे बोट दाखवलं. "हे वजन कमी करायचं असेल तर ताईला एसटीनं पाठवत जा." भावजी खाली बघून हसले. ती ओळ त्यांनी स्वतःच खोडली.

आमचा हिशेब

चेन आणि मागचं दातेरी चाक दिवाळीतच नवं बसवलं होतं. बाकीचा खर्च असा :

एअर फिल्टर २८० रुपये, ब्रेकचे पॅड ७५०, पुढचं दातेरी चाक ३५०, मागचा टायर ३,२००, ऑइल ५५०, गेज आणि पायपंप ७५०, मजुरी ७००. एकूण ६,५८० रुपये.

निघताना जाऊबाईंनी विचारलं, "काका, अजून काही लागेल का?" काका अहिराणीत म्हणाले, "ताई, गाडीले पैसा कमी आनि ध्यान जास्ती लागस."

पावसाळा गेला. भावजी दोनदा चिखलात रुतले, पण पडले नाहीत. चढावर आता अर्धा क्लच दाबून गाडी रडवावी लागत नाही, असं म्हणतात. जाऊबाईंच्या उरलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीची दोन हेल्मेटं आली आणि बाकीचे पोस्टात पडले. दसऱ्यानंतर दोघं तोरणमाळला जाऊन आले, सातपायरीच्या घाटातून. जाऊबाई मागे, पदर खोचलेला, एक हात दांड्यावर.

तुमच्याही घरी असा कागद कुणी पुढे केला तर 'नाही' म्हणून वाद घालू नका, आणि पाकीटही उघडू नका. आधी एवढंच विचारा, "गाडी अडते कुठं?" निम्मी यादी तिथेच गळून पडेल.