जुना प्लेस्टेशन डिस्क वाचत नाही, आवाजही येत नाही? भंगारात देण्याआधी हे तपासा

सालेकसासारख्या जंगलपट्ट्यात, जिथे पाऊस भरपूर, तिथे कपाटात पडून राहिलेल्या गेमिंग कन्सोलला धूळ आणि दमट हवा दोन्ही बाधतात. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ चं उत्पादन २०१३ मध्ये थांबलं. त्यामुळे घरातला कन्सोल दुरुस्त करणंच परवडतं.

डिस्क वाचली जात नाही?
लेझर भिंगातून डिस्कवर पडतो आणि परतणाऱ्या प्रकाशातून माहिती वाचली जाते. भिंगावर धूळ बसली की वाचन अडतं. प्लग काढा आणि कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून भिंग हलकेच पुसा. लेझरची ताकद वाढवणारा छोटा स्क्रू मात्र फिरवू नका. लेझर कायमचा जळू शकतो.

चित्र आहे, आवाज नाही?
पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. आधी वायर बदलून पाहा. सेगा गेम गिअरसारख्या १९९० च्या दशकातल्या यंत्रांत कपॅसिटर गळतात आणि आवाज क्षीण होतो. ते बदलायला सोल्डरिंग लागतं. हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

आणि हो, कन्सोल देण्याआधी मेमरी कार्ड काढून ठेवा. तुमचा अर्धवट राहिलेला गेम त्यातच सेव्ह आहे.