वेल्डिंगचं मशीन घेण्याआधी

कन्हेरीचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या मारुतीमुळे. निवडणुका आल्या की प्रचाराचा नारळ तिथे फुटतो आणि गावाचं नाव बातम्यांत येतं. एरवी कन्हेरी हे बारामती तालुक्यातल्या इतर गावांसारखंच शेतीचं गाव. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात शेती म्हणजे कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावरचा ऊस, फळबागा आणि दुभती जनावरं. अशी शेती आली की मागोमाग लोखंड येतं. नांगर, ट्रॉली, कडबाकुट्टी, गोठ्याचं शेड, फाटक, पंपाचा पाइप. यातलं काही ना काही दर हंगामात मोडतं, आणि मोडतं ते नेमकं कारखाना चालू असताना, वेल्डिंगवाल्याच्या दारात रांग लागलेली असते तेव्हा.

मग घरातल्या एखाद्या तरुणाच्या मनात येतं, आपलंच मशीन का घेऊ नये? दुसरा एखादा आयटीआय करून आलेला असतो. त्याला रस्त्याच्या कडेला चार पत्रे टाकून दुकान सुरू करायचं असतं. दोघंही दुकानात जाऊन पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती अँपिअरचं घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा आहे. मी काय जोडणार, हा पहिला प्रश्न. माझ्याकडे वीज कशी आहे, हा दुसरा. या दोहोंची उत्तरं मिळाली की तिसऱ्याचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी आर्क म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचं अंतर राहिलं की त्या फटीतून वीज उडी मारते. तिथली उष्णता काही हजार अंशांची असते. लोखंड वितळायला दीड हजार अंश पुरतात. रॉडवरचं लेपण जळून धूर होतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवेपासून जपतो, आणि वर जी काळी खपली बसते तिला स्लॅग म्हणतात. थोडक्यात, काम करणारा असतो तो रॉड. मशीन फक्त त्याला हवी तशी वीज पुरवतं. म्हणून निवड रॉडपासून सुरू करावी.

बाजारात रॉड नंबरावर मागतात. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीनच्या आसपास आणि आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर. एका मिलिमीटरला तीस ते चाळीस अँपिअर, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. गोठ्याचा पाइप, खिडकीची जाळी, फाटक यांना बारा नंबर आणि ८० अँपिअर पुरतात. पाच-सहा मिलिमीटरचे अँगल आणि ट्रॉलीचं फाळकं यांना दहा नंबर आणि १०० ते १२५ अँपिअर लागतात. आठ नंबर जाड कामाचा. घरगुती दुरुस्तीत त्याची गरज क्वचितच पडते.

आता विजेकडे वळू. बारा नंबरच्या रॉडला ८० अँपिअर दिले तर आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात. गुणाकार केला की १,८०० वॉटच्या वर जातो. मशीनमध्ये वाया जाणारी वीज धरली तर घरच्या २३० व्होल्टच्या लाइनीतून १२ ते १५ अँपिअर ओढले जातात. सोळा अँपिअरचा चांगला सॉकेट हे सोसतो. दहा नंबर लावून १२० अँपिअर केले की तीच ओढ २० ते २४ अँपिअरवर जाते. मग सॉकेट तापतो, वायरीचं आवरण मऊ पडतं, आणि पुढचं सांगायला नको. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरलं की इन्व्हर्टर मशीन तेवढ्याच कामासाठी आणखी करंट ओढतं. तेव्हा दहा नंबर वापरायचा असेल तर मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाल्यास वीज तोडणारं आरसीसीबी बसवून घ्यावं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

"विहिरीवर थ्री-फेज आहे की," असं कुणी म्हणेल. पण ती जोडणी शेतीपंपासाठी दिलेली असते. तिच्यावर वेल्डिंग करणं हा २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. शिवाय शेतीची थ्री-फेज ठरावीक तासच असते. ज्याला दुकान टाकायचं आहे त्याने दुकानाच्या नावावर रीतसर जोडणी घ्यावी. मशीनच्या खर्चात हा खर्च सुरुवातीलाच धरावा.

एवढं ठरलं की मशीन पाहायला जावं. जुन्या वर्कशॉपमध्ये दिसतात ते ट्रान्सफॉर्मर, काही तेलात बुडवलेले, उचलायला दोन-तीन माणसं लागणारे. ते दणकट असतात, बिघडलं तर रिवाइंडिंगवाला दुरुस्त करतो. पण वीज जास्त खातात आणि बहुतेक दोन फेज मागतात. नवीन इन्व्हर्टर मशीन पाच-आठ किलोचं असतं, एका हाताने बांधावर नेता येतं, सिंगल फेजवर चालतं आणि त्याचा करंट डीसी असल्याने नवख्याच्या हाताखाली आर्क टिकून राहतो. घरच्या कामाला हेच बरं. मात्र त्याच्या आतल्या सर्किटला धूळ आणि ग्राइंडरचा लोखंडी कीस सोसत नाही. ग्राइंडिंग दूर करावं आणि दर महिन्याला मशीनमध्ये हवा मारावी.

घेताना मशीनवर रंगवलेला मोठा आकडा पाहू नये, मागची पाटी वाचावी. तिच्यावर अँपिअरपुढे टक्का लिहिलेला असतो. १२० अँपिअर, ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. हे टक्के साधारणपणे ४० अंश तापमान धरून दिलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं तापमान त्याच्याही वर जातं. म्हणून लागतो त्याहून थोडा जास्त दम असलेलं मशीन घ्यावं. पाटीच नसेल तर ते मशीन घेऊ नये. दुरुस्ती बारामतीत होईल की पुण्याला पाठवावं लागेल, हेही पैसे देण्याआधी विचारावं.

मशीनबरोबर मिळणारी केबल बहुधा आखूड आणि बारीक असते. दहा नंबरच्या कामाला २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्यावी. त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण कमी करंट वाहते. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या चिमट्याला आपल्याकडे "अर्थिंग" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. हा चिमटा म्हणजे करंटचा परतीचा रस्ता. मशीनच्या बॉडीला लावायची अर्थिंगची वायर वेगळी. एक लावली म्हणून दुसरी सोडू नये. चिमटा जोडाच्या जवळ, रंग खरवडून लावावा. तो दूर लावला आणि मध्ये बेअरिंग आलं, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर खड्डे पडतात. ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरीची वायर सोडावी. आणि ओल्या सरीत, अनवाणी, घामेजल्या हाताने होल्डर धरू नये. आर्क नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असू शकतात.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र काटकसर करूच नये. उन्हाचा काळा चष्मा वेल्डिंगला चालत नाही. १०० अँपिअरच्या आसपास १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते, तीही पूर्ण चेहरा झाकणाऱ्या शील्डमध्ये. आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या क्षणी काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. बटाट्याचे काप ठेवून वेळ काढू नये, डॉक्टरांकडे जावं. बधिर करणारे थेंब मनाने आणून घालू नयेत, त्याने डोळा बरा व्हायला उशीर लागतो. पाहत उभी राहिलेली मुलंही यातच आली. त्यांना लांब ठेवावं किंवा आडोसा धरावा.

धुराचंही तसंच. जीआय पाइपवरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढावं आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं. डिझेलचं रिकामं बॅरल वेल्ड करू नये. ते रिकामं दिसतं, पण आत वाफ असते आणि स्फोट होतो. उसाचं पाचट, कडबा, गोणपाट जवळ असेल तर आधी ते हलवावं आणि काम संपल्यावरही अर्धा तास तिथे लक्ष ठेवावं.

सुरुवातीला साध्या लोखंडासाठी ६०१३ जातीचे रॉड घ्यावेत. पाकिटावर भारतीय मानक ८१४ प्रमाणे ईआर ४२११ असंही लिहिलेलं असतं. ७०१८ जास्त मजबूत, पण त्याला कोरडेपणा फार लागतो आणि हातही सरावलेला लागतो. ओला रॉड फटफटतो आणि जोडात छिद्रं ठेवतो. पाकीट फोडलं की रॉड झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावेत. बिडाच्या वस्तूला साधा रॉड चालत नाही, तिथे निकेलचा रॉड लागतो.

आणि काही कामं स्वतः करायचीच नाहीत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तो हुक, कमानीचे पाटे, स्टिअरिंगचे भाग. पाटे वेगळ्या पोलादाचे असतात, वेल्ड केले की जोडाशेजारी तडकतात. मागे उसाची भरलेली ट्रॉली आणि रस्त्यावर शाळेतून येणारी मुलं असताना हुक तुटला तर काय होईल, याचा विचार करावा. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग बनतात. अशा कामात वेल्डिंगचा जोड तपासून, आत पोकळी नाही ना हे पाहूनच पुढे जातो. आपल्या शेडमध्ये ती सोय नाही. म्हणून ज्या जोडावर कुणाचा जीव आहे, तो अनुभवी माणसाकडेच द्यावा.

बाकी जोडांची परीक्षा मात्र घरी करता येते. पहिली दोन पाकिटं भंगाराच्या पट्ट्यांवर संपवावीत. दोन पट्ट्या एका बाजूने जोडून वाइसमध्ये धराव्यात आणि जोड उघडेल अशा दिशेने हातोड्याने वाकवाव्यात. जोड न तुटता पट्टी वाकली तर हात बसला. जोड तुटला तर आत पाहावं. काळी स्लॅग अडकलेली दिसली किंवा एका पट्टीची कड न वितळता तशीच राहिली असेल, तर करंट, कोन किंवा वेग चुकला आहे. तो बदलून पुन्हा करावं. सलग दहा जोड टिकेपर्यंत गोठ्याच्या खांबाला हात लावू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)