स्वयंपाकघरातलं विज्ञान – भाग ९ : मायक्रोवेव्हमध्ये कोणतं भांडं ठेवावं?

मे संपत आला की भंडारदऱ्यात काजव्यांचे दिवस सुरू होतात. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे अशा गावांत मुक्कामाला आलेले पाहुणे रात्री उशिरा परततात आणि झाकून ठेवलेला इंद्रायणीचा भात, कोंबडीचा रस्सा पुन्हा गरम करावा लागतो. त्यासाठी मायक्रोवेव्ह सोयीचा आहे. पण चुलीवर किंवा गॅसवर वर्षानुवर्षं चाललेलं भांडं यातही चालेल, असं धरून चालू नये.

मागच्या भागात पाहिलं, की २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. भांड्यावर पडल्यावर याच लहरी आरपार जातात, उलट फिरतात किंवा भांड्यातच शोषल्या जातात. आपल्याला हवं ते आरपार जाऊ देणारं भांडं.

धातू लहरी उलट फिरवतो. मायक्रोवेव्हच्या दारातली बारीक जाळी धातूची असते ती त्यासाठीच. म्हणून स्टीलच्या बंद डब्यातला भात गारच राहतो. ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या कडांवर, काट्याच्या टोकांवर ठिणग्याही उडतात. कपाची सोनेरी किनार हाही धातूच, हे मात्र पटकन लक्षात येत नाही.

सगळ्यात फसवी मेलामाइनची ताटं. दिसायला चिनी मातीची, पडली तरी फुटत नाहीत, म्हणून पर्यटकांच्या जेवणावळीत ती सोयीची वाटतात. पण मेलामाइन लहरी शोषून स्वतः तापतं आणि त्यातली रसायनं अन्नात उतरू शकतात. आंबट पदार्थ असेल तर जास्तच. त्यात वाढा, पण गरम करू नका.

प्लास्टिकच्या डब्याखाली त्रिकोणातला ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते उष्णता बऱ्यापैकी सोसतं. पण आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. डबा मायक्रोवेव्हसाठी बनवला आहे की नाही, हे त्यावरच्या वेगळ्या सूचनेवरून कळतं. आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी नसतात. रश्श्यावरची तेलाची तर्री पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या, वर तापू शकते. म्हणून रश्श्याला काचच बरी.

बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या मानाने बरीच कमी प्रसरण पावते, म्हणून तडकण्याचा धोकाही कमी. तरी पावसाळ्यात कडाप्प्याचा ओटा गार आणि ओला असतो. त्यावर तापलेलं भांडं थेट ठेवू नका, खाली कोरडं फडकं घाला. चिनी मातीचं भांडं किनार नसलेलं आणि बिनतड्याचं असेल तर चालतं.

शंका असेल तर साधी परीक्षा घ्या. धातू नसलेलं रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी मायक्रोवेव्हला चालणाऱ्या कपात पाणी ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं, तर ते वापरा. भांडंच तापलं, तर बाजूला ठेवा.

पाहुण्यांचं जेवण गरम करायला मोठा संच लागत नाही. बोरोसिलिकेटची दोन खोलगट भांडी पुरतात. झाकण घट्ट लावू नका, वाफेला वाट ठेवा आणि मध्येच एकदा ढवळा. पाहुणा आपल्या भरवशावर जेवतो. भांडं निवडताना तेवढी काळजी त्याचा हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात : उरलेला भात किती वेळ बाहेर ठेवावा?