कायद्याचा मान कुणाच्या शब्दावर?

डिंभे धरणाच्या जलाशयाचे नाव ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’. घोड नदीवरच्या या धरणात जुने आंबेगाव बुडाले, तालुक्याला मात्र त्याचेच नाव राहिले. ज्याचे नाव या पाण्याला दिले तो बाबू गेनू सैद याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. घरची गरिबी, म्हणून पोटासाठी मुंबईला जाऊन गिरणीत राबणारा. ब्रिटिश सरकारच्या लेखी हा तरुण कायदा मोडून तुरुंगात जाऊन आलेला गुन्हेगार होता.

१९३० च्या मार्चमध्ये गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी चिमूटभर मीठ उचलले. त्यानंतर मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर हजारो लोक चालून गेले. त्यांत बाबू गेनूही होता आणि त्याने त्यासाठी तुरुंगवास भोगला. सुटल्यावर तो परदेशी कापडाच्या बहिष्कारात उतरला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विलायती कापडाने भरलेला ट्रक निघाला, तेव्हा हा बावीस वर्षांचा तरुण रस्त्यावर आडवा झाला. ट्रकच्या भारतीय चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने स्वतः चाक हाती घेऊन ती अंगावर घातली, असे त्या घटनेबद्दल सांगितले जाते. सरकारने तो अपघात ठरवला. मुंबईने तसे मानले नाही.

मिठाचा कायदा १८८२ चा. म्हणजे बाबू गेनूच्या जन्माआधीपासून तो लोकांच्या मानगुटीवर बसलेला होता आणि लोक निमूटपणे मिठावरचा कर भरत होते. १९३० मध्ये कलम तेच होते, पोलीस तेच, तुरुंगही तेच. तरीही एका वसंतात त्या कायद्याचा धाक उडाला. ज्या माणसावर लोकांचा पूर्ण विश्वास होता, त्याने तो कायदा अन्यायाचा आहे असे सांगितले आणि आधी स्वतः मोडून दाखवला.

सरकारी कायद्यावरचा विश्वास उडणे या डोंगरपट्ट्याला नवे नव्हते. आंबेगावच्या पश्चिमेकडील जांभोरीचा होन्या केंगले हा महादेव कोळी तरुण १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला. त्या काळी सावकार दिवाणी कोर्टात दावा लावी, अडाणी कुळ कोर्टात हजरच होत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. होन्याच्या टोळीने सावकारांच्या घरांवर धाडी घातल्या, कर्जाचे कागद हिसकावले, काहींची नाकेही कापली. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. दरम्यान मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. होन्यामागे लोक उभे राहिले, कारण कोर्ट त्यांना आपले वाटत नव्हते. पण त्याच्या वाटेने सूड मिळत होता. न्याय कसा असावा याचा धडा मिळत नव्हता.

हा धडा पुढे टिळक आणि गांधी या दोघांच्या खटल्यांनी घालून दिला. २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. टिळक पळाले नाहीत, माफीही मागितली नाही. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजी राजद्रोहाच्या त्याच १२४-अ कलमाखाली न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर उभे राहिले. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. न्यायाधीशांनी टिळकांचा दाखला देऊन सहा वर्षांची शिक्षा दिली आणि सरकारने ती कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणालाच होणार नाही, असेही सांगितले. पुढे १९२८ मध्ये बारडोलीच्या सारावाढीची चौकशी करायला याच ब्रूमफील्डसाहेबांची नेमणूक झाली आणि चौकशीत ती वाढ अवाजवी ठरली.

आपल्या पुढाऱ्याचे हे वागणे लोक बारकाईने पाहत होते. वाईट कायदा उघडपणे मोडायचा, पण कोर्टाला तोंड चुकवायचे नाही आणि शिक्षा झाली तर ती भोगायची, हे त्यांनी त्यातून उचलले. १९२२ च्या खटल्याआधी चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे पेटवले तेव्हा गांधीजींनी ऐन भरात आलेली चळवळ थांबवली. आपल्या अनुयायांवर त्यांची पकड होती आणि ती त्यांनी आवरण्यासाठीही वापरली.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागो शहरातल्या लोकांचा अभ्यास करून १९९० मध्ये एक पुस्तक लिहिले. माणसे कायदा का पाळतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते शिक्षेच्या भीतीपेक्षा, सत्तेवरची माणसे नीट वागतात आणि आपले म्हणणे ऐकून घेतात, हा विश्वास जास्त काम करतो. सावकाराच्या दाव्यात बुडालेल्या कुळाला हे कुठल्याही पुस्तकाआधी कळले होते.

या विश्वासाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली. आता सनदशीर मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा कायदेभंग आणि सत्याग्रह सोडून द्यायला हवेत, असे ते म्हणाले. आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. पुढाऱ्याच्या शब्दावर कायदा मोडणारे लोक उद्या त्याच्याच शब्दावर कायद्याकडे डोळेझाक करतील, ही भीती त्यामागे दिसते.

ती पुढे खरी ठरली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २५ जूनला आणीबाणी लागू झाली आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तिचा तो भाग रद्द केला. एका नेत्याने कोर्टाकडे शिक्षा मागितली होती. दुसऱ्या नेत्यासाठी कोर्टाचा निकाल निकामी करायला घटनाच बदलली गेली. सर्वोच्च पदावरची व्यक्ती निकाल टाळू पाहते तेव्हा गावातला दांडगाही तेच शिकतो.

आज जुन्नर-आंबेगावात कायदा कुणाच्या शब्दावर पाळायचा, हा प्रश्न बैलगाडा शर्यतीच्या घाटावर उभा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. त्यानंतर बंदी झुगारून शर्यती झाल्या, गुन्हेही नोंदले गेले. दुसरीकडे विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती कायम केली. सनदशीर वाट लांबची होती, पण ती बैलगाड्यासाठीही खुली निघाली.

आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलाला इजा करायला मनाई आहे. या अटी पाळल्या जातात की नाही, हे बंदोबस्ताच्या पोलिसांइतकेच मंचावरच्या पाहुण्यांवर ठरते. परवानगीचा कागद नसेल तर नारळ फोडायला न जाणारा आणि बैलाला टोचणी लागताना दिसली तर माइक हातात घेऊन पुढची बारी थांबवणारा पुढारी या तालुक्यांना हवा आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दिल्लीचा असो की गल्लीतला, गावकऱ्यांनी तोंडावर विचारावे: तुमच्याविरुद्ध निकाल गेला तर तुम्ही काय कराल?